विसाव्याचा दगड

आमच्या पॅरिशमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं की मी आधी हात झटकते. काही नाही हो! इंग्लंडमधल्या रीडिंग शहराहून गाडीने अर्धा-पाऊण तास, शेवटचा मैल इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर मुकाट्याने आपणच गाडी मागे घ्यायची. एक चर्च. एक पब, तोही आठवड्यातले चारच दिवस उघडा. एक लाल टेलिफोन बूथ, ज्यात टेलिफोन नाही. कोणाचं हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र ठेवलंय. पुण्याहून येणारे पाहुणे चर्चपुढे फोटो काढतात, पबमध्ये चिप्स खातात आणि परत येताना गाडीत हळूच विचारतात, "पण इथे तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. आता त्याला कौन्सिलही असते, आपल्या ग्रामपंचायतीसारखी, फक्त इथली भांडणं हळू आवाजात चालतात. नवं बाक कुठे ठेवायचं यावर मी तीन बैठका पाहिल्यात. तिसऱ्या बैठकीत ठरलं की बाक नकोच.

आम्ही इथे आलो ते नवऱ्याच्या बागेच्या वेडापायी. मी रीडिंगच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणार आहात.

आमचं घर मुख्य गावात नाही. गावापासून फटकून सात-आठ घरांची वाडी आहे, तिथे आहे. वाडीतून चर्चला डांबरी रस्त्याने जायचं तर दीड मैलांचा वळसा. शेतातल्या पायवाटेने पंधरा मिनिटं. ही सगळी हकीकत त्या पायवाटेची आहे.

शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. गावात शाळा होती तेव्हा त्या तिथे मुख्याध्यापिका होत्या. शाळा बंद पडली, त्या इमारतीत आता एक दंतवैद्य राहतो आणि वर्गाच्या जागी त्याचं स्वयंपाकघर आहे. मी त्यांना तोंडावर नावाने हाक मारायचे, इथे तशीच पद्धत, पण मनातल्या मनात त्या बाईच. ऐंशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, बारा महिने तोच हिरवा कोट, आणि आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. चाळीस वर्षं त्या पॅरिशचा इतिहास लिहीत होत्या. पुस्तक पूर्ण व्हायची त्यांना काही घाई दिसत नव्हती. घरातलं एक अख्खं कपाट कागदांनी भरलेलं, प्रत्येक वर्षाची वेगळी पेटी.

माझे वडील भूमापन खात्यात मोजणीदार होते, हे मी बोलता बोलता बोलून गेले आणि संपलंच. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर बांधाबांधाने फिरलेय, मोजणीच्या साखळीचं एक टोक धरून उन्हात उभी राहिलेय. नकाशा उलटा धरला तरी मला कळतो. बाईंना एवढंच पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी आपटत त्या दारात हजर. "चल, बूट घाल."

त्या दिवशी त्यांनी मला अख्खी पॅरिश पायाखाली घालायला लावली. चर्चच्या दक्षिण दरवाजाच्या दगडावर खोल ओरखडे आहेत. लोक सांगतात, जुन्या काळी धनुर्धारी इथे बाणांना धार लावायचे. "प्रत्येक गावात हेच सांगतात," बाई म्हणाल्या. "कोणीतरी प्रवचनाला कंटाळून विळा घासला असेल." चर्चपुढचं यू नावाचं झाड आतून पोकळ आहे. आत चार माणसं उभी राहतात, पाचव्याला जागा नाही. पुढे चौकोनी दगडी भिंत, आत नुसतं गवत. मी म्हटलं, कोंडवाडा! भटकी गुरं इथे कोंडत असणार. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं. मग शिवेचे दगड. दर वसंतात गावकरी पॅरिशच्या हद्दीवरून एक फेरी मारतात. पूर्वी पोरांना उचलून त्या दगडांवर बसकण आपटायचे, म्हणजे हद्द जन्मभर लक्षात राहते. बाईंनाही आपटलं होतं. कोणत्या दगडावर तेही त्यांनी दाखवलं, आणि तिथे पोचल्यावर नकळत कोट मागून झटकला.

सगळ्यात शेवटी वाडीची पायवाट. शेताच्या मध्यावर, ओकच्या खाली, गुडघाभर उंचीचा एक लांबट सपाट दगड आहे. वर शेवाळ, एका कडेला झिजलेला. वाडीत माणूस गेलं की शवपेटी खांद्यावरून याच वाटेने चर्चला न्यायची रीत होती. अर्ध्या वाटेत पेटी या दगडावर टेकवायची, खांदेकऱ्यांनी दम खायचा, बाजू बदलायच्या आणि पुढे निघायचं.

"आमच्याकडे पण अगदी हेच करतात," मी म्हटलं. "तिरडी अर्ध्या वाटेत खाली टेकवतात. त्याला विसावा म्हणतात."

बाईंनी तो शब्द मला परत म्हणायला लावला, वहीत लिहून घेतला आणि घरी येईपर्यंत घोटला. विसावा, विसावा. त्यांचे आजी-आजोबा, आईवडील, नवरा, सगळे त्या दगडावर टेकून पुढे गेले होते. वाडीतली ती रीत मोडली नव्हती. "आता माझा नंबर," त्या म्हणाल्या, बसच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या. मग म्हणाल्या, "मला बाकी काही नको. फुलं नकोत, भाषणं नकोत. पण गाडीतून नेलंत तर बघा."

आता माझा पराक्रम.

इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी एकटी त्या वाटेने चालले होते. समोरून शेतमालक ट्रॅक्टरवर आला. सत्तरीचा गडी, टोपीवर गवत. मी जागच्या जागी खिळले. तो काही बोलायच्या आत मी सॉरी म्हणाले आणि विचारलं, मी तुमच्या शेतातून गेले तर चालेल का? तो आ वासून बघत राहिला. बहुधा आयुष्यात त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, "ऑफ कोर्स," आणि निघून गेला.

मला त्या वेळी काय वाटायचं ते सरळ सांगते. मला भीती वाटायची. या देशात मी पाऊल टाकलं तेच परवानगीच्या शिक्क्यावर. मग मुदत वाढवायची परवानगी, मग कायमचं राहायची परवानगी, प्रत्येक वेळी नवा फॉर्म, नवा फोटो, दहा बोटांचे ठसे. गोऱ्या बाईला रिकाम्या शेतात कोणी विचारत नाही की तू इथे कशी. मलाही तोवर कोणी विचारलं नव्हतं, पण कधीतरी विचारणार असं धरूनच मी चालायचे. लेक इथेच वाढलेली, तिला हे कळायचं नाही. ती म्हणायची, "आई, तू सगळ्यांना सॉरी का म्हणते? तो झाड तुला धडकला तरी तूच सॉरी म्हणशील."

पुढे पॅरिशच्या मासिकातलं चालण्याच्या वाटांचं पान माझ्याकडे आलं. मासिक म्हणजे चार पानी पत्रक, घरोघरी दारातून आत टाकलं जातं. मी काम मनावर घेतलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं आभारप्रदर्शन केलेली बाई मी. आभार मानायचे राहिले तर मला अन्न गोड लागत नाही. दर वसंतात मी शेतमालकाला रीतसर पत्र लिहायचे: वर्षभर गावकऱ्यांना आपल्या शेतातून चालण्याची परवानगी असावी, ही विनंती. तो माझ्याच पत्राच्या तळाशी "ऑफ कोर्स" लिहून सही करून परत पाठवायचा. दिवाळीला मी त्याला चकल्यांचा डबा न्यायचे. आणि मासिकात ठळक अक्षरांत छापायचे: वाडीची पायवाट शेतमालकाच्या परवानगीने खुली आहे, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार.

चौदा वर्षं मी हे केलं. सगळे म्हणायचे, हाउ थॉटफुल. मी खूश.

मग तो शेतमालक गेला. मुलांना शेती नको होती, त्यांनी ती विकली. नवा मालक लंडनहून आलेला, पन्नाशीचा, घोडे पाळणारा. दुष्ट वगैरे मुळीच नाही. रस्त्यात भेटला की हात करतो. पण घोडे सुटतील, कोणाला लाथ बसेल, नसती भानगड नको म्हणून त्याने वाडीच्या बाजूच्या फाटकाला साखळी आणि कुलूप लावलं. बाजूला 'खाजगी जागा' अशी पाटी. फाटकाशेजारी कुंपण ओलांडायच्या दोन लाकडी पायऱ्या होत्या, त्यावरही आडवी दोरी बांधली.

बाई त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "काही घाबरायचं कारण नाही," त्या मलाच म्हणाल्या. "कायदा आपल्या बाजूने आहे."

कायदा असा. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे, मोडतोड न करता आणि कोणाची परवानगी न घेता चालत आले असतील, तर ती वाट लोकांची होते. मालकाला ती अडवता येत नाही. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात. वडिलांच्या ऑफिसात दिवसभर तोच शब्द कानांवर पडायचा. इथे फरक एवढाच की हे सिद्ध करायला मारामारी होत नाही, फॉर्म भरतात. जुन्या नकाशात वाट ठिपक्यांनी दाखवलेली होती, पण नकाशाखालीच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की वाट दाखवली म्हणजे हक्क आहे असं समजू नये. म्हणजे भिस्त सगळी माणसांच्या साक्षींवर. बाईंनी काउंटी कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेकडून, फॉर्मांचा गठ्ठा आणला आणि वाडीत, गावात वाटला. मला म्हणाल्या, "तू सगळे तपास. चूक राहता कामा नये. तुझं कामच आहे ते."

मी चहा घेऊन आरामात बसले. किती वर्षं चालता? किती वेळा? वाटेत फाटक होतं का, पाटी होती का? भराभर वाचत गेले. मग तो प्रश्न आला. तुम्ही, किंवा तुमच्या वतीने कोणी, कधी मालकाची परवानगी मागितली होती का? मिळाली होती का?

कपाळ माझं! मी कप खाली ठेवला. वीस वर्षं मागे मोजायची ती कुलूप लागल्या दिवसापासून, आणि त्यातली चौदा मी माझ्या हाताने, ठळक अक्षरांत, सही-शिक्क्यानिशी बाद करून ठेवली होती. नुसती माझी नाही, सगळ्या गावाची. पायावर धोंडा मारून घेतला म्हणावं तर धोंडा माझ्या पायावर पडलाच नव्हता. तो बाईंच्या पायावर पडला होता.

मी तशीच उठून त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. त्या कपाटाकडे गेल्या, एक एक पेटी काढत गेल्या. चौदा पेट्या, चौदा मासिकं. प्रत्येकात माझे मनःपूर्वक आभार. टेबलावर ओळीने मांडून त्या बघत राहिल्या.

"तुला कोणी सांगितलं होतं विचारायला?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "माझ्या आजीने विचारलं नाही. आईने नाही. मी नाही. हे छापलेलं मीही दर वर्षी वाचलं आणि म्हटलं, किती गोड बाई आहे. तू कशाला विचारत बसलीस?"

चूक माझी होतीच, पण त्या क्षणी मला त्यांचा रागही आला. तुम्हाला विचारायची गरजच कधी पडली नाही, मला पडली, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. आणि मग मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, "बाकी सगळ्यांनी ही मासिकं केव्हाच रद्दीत टाकली असतील. तो म्हातारा गेला. त्याची पत्रं माझ्याकडे आहेत. मासिकं फक्त तुमच्याकडे."

बाईंनाही ते किती हवं होतं ते मला दिसत होतं. हात मासिकावर होता, बोटं कागदाची कड चाचपत होती.

"चाळीस वर्षं या पॅरिशचा एक कागद मी फाडला नाही," त्या म्हणाल्या. "लोकांची भांडणं ठेवली, लफडी ठेवली, चर्चच्या एका व्हिकरने दारू पिऊन लिहिलेली पत्रं ठेवली. त्यांच्या नातवंडांनी येऊन विनवण्या केल्या तरी फाडली नाहीत. आता माझी सोय म्हणून फाडायची?" त्यांनी मासिकं गोळा केली, ज्या त्या पेटीत ठेवली, कपाट लावलं. "घरी जा. खरं लिही."

मी खरं लिहिलं. पत्रं जोडली. काही महिन्यांनी काउंटी कौन्सिलचं उत्तर आलं, सभ्य आणि दोन पानी. लोक चालत होते हे मान्य, पण परवानगीने चालत होते, सबब हक्क सिद्ध होत नाही.

गावात मला कोणी एक शब्द बोललं नाही. पुण्यात असते तर चार बायकांनी तोंडावर सुनावलं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. इथे सगळे पूर्वीसारखेच हसले, हवामानाबद्दल बोलले. मासिकातलं पान मात्र दुसऱ्या कोणाला देण्यात आलं, माझ्यावरचा भार कमी करण्यासाठी म्हणे. बाईंनी तर सहा आठवडे तोंडही दाखवलं नाही. त्यांच्या खिडकीचा पडदा मी जाता-येता बघायचे.

सातव्या आठवड्यात दारावर काठी वाजली. "चल, बूट घाल."

आम्ही फाटकापर्यंत गेलो. त्या आता फार थकल्या होत्या, पंधरा पावलांवर थांबत होत्या. साखळीला हात लावून उभ्या राहिल्या. लांब ओकखाली दगड दिसत होता, दोन घोडे त्याच्या आसपास चरत होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मी नव्या मालकाशी बोलते. एका दिवसापुरतं विचारते. तो नाही म्हणणार नाही, बघा तुम्ही."

"अजिबात नाही." शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. घोड्यांनीसुद्धा माना वर केल्या. "परवानगीने जायचं असेल तर मी गाडीतून जाईन. माझी माणसं गेली ती कोणाच्या मेहेरबानीने नाही. तू विचारणार नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. परत येताना त्यांनी माझा हात धरला, ते पहिल्यांदाच.

फेब्रुवारीत बाई गेल्या. सकाळी पडदा उघडला नाही म्हणून मीच माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. झोपेतच गेल्या होत्या, कोट खुर्चीवर होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक भाचा कॅनडात, त्याने फोनवर सगळं माझ्यावर सोपवलं. इथे अंत्ययात्रा लगेच निघत नाही, दोन-तीन आठवडे जातात. त्या दिवसांत मी रोज विचार करत होते. त्यांनी गाडीला नाही म्हटलं होतं. त्यांनी परवानगीला नाही म्हटलं होतं. आणि मी शब्द दिला होता तो फक्त विचारणार नाही एवढाच.

चर्चच्या धर्मगुरू, व्हिकरबाई, त्यांना जाऊन सांगितलं की आपण पायवाटेने नेणार आहोत. त्यांनी विचारलं, "मालकाशी बोललीस?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "घंटा किती वाजता सुरू करू?"

सकाळी अकराला निघालो, लख्ख उजेडात. वेताची विणलेली शवपेटी होती, बाईंनीच ठरवून ठेवलेली. खांद्याला सहा जण: वाडीतले चौघे, पबवाला आणि मी. माझे वडील गेले तेव्हा मी पुण्याला तिसऱ्या दिवशी पोचले. वेळेत पोचले असते तरी मुलीला कोणी खांदा देऊ दिला नसता. इथे कोणी काही म्हटलं नाही, फक्त मी सगळ्यांत बुटकी निघाले. माझ्या खांद्यावर जाड टॉवेलची घडी ठेवली तेव्हा पातळी जुळली.

फाटकापाशी पबवाल्याने खिशातून तार कापायची पक्कड काढली. मी म्हटलं, "ठेव आत. काही तोडायचं नाही." लाकडी पायऱ्यांवरची दोरी गाठ सोडून बाजूला केली. तिघे आधी पलीकडे गेले, आम्ही पेटी कुंपणावरून हातोहात दिली. बाईंचं वजन असं काही नव्हतंच. मागून गाव येत होतं, तीस-चाळीस माणसं, एकेक करून पायऱ्या चढत होती. चर्चची घंटा सावकाश वाजत होती, चिखलात बूट रुतत होते.

ओकखाली दगडावर पेटी टेकवली. दम खाल्ला. कोणी न सांगता आम्ही बाजू बदलल्या, उजवीकडचे डावीकडे. मला रडू आलं आणि मी मनसोक्त रडले. मोजणीच्या साखळीचं टोक धरून उभी असलेली मी आठवले, वडील आठवले, बाई तो शब्द घोटत होत्या ते आठवलं.

पुन्हा खांद्यावर घेतलं तेव्हा नवा मालक चारचाकी मोटरबाइकवरून शेतात आला. आम्हाला बघून त्याने इंजिन बंद केलं. उतरला. सवयीने माझ्या तोंडात सॉरी आलं होतं. मी ओठ मिटून पुढे बघत राहिले. त्याने टोपी काढली आणि आम्ही पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिला. बाईंना नवऱ्याशेजारी ठेवलं.

कायद्याने या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पाटी लावलेली आहे, एका दिवसाची चाल कोण मोजतो? कुलूप आजही आहे. पण कोणी काही तोडलं नव्हतं, कोणी लपून गेलं नव्हतं आणि कोणी विचारलं नव्हतं.

नंतर गावच्या हॉलमध्ये चहा होता. मी कप गोळा करत होते तेव्हा नवा मालक जवळ आला. बिचारा खरोखर ओशाळला होता. हळू आवाजात म्हणाला, "मला सांगायचं तरी. मी कुलूप काढून दिलं असतं, घोडे आत बांधले असते. तुम्ही फक्त विचारायचं होतं. मी लगेच हो म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," मी म्हणाले, आणि पुढे सॉरी जोडलं नाही.